परतीच्या वाटेवरही एक चौकट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीचा डोंगरसहलींवरचा अंक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. सूर्योदय कुठून पाहावा, धुकं कोणत्या वेळी दाटतं, मुक्कामाला कोणत्या बाजूची खोली मागावी, हे सगळं इतक्या आपुलकीने लिहिलं आहे की दोन लेखांची कात्रणं मी वहीत लावून ठेवली आहेत. पण प्रत्येक लेख डोंगरमाथ्यावरच संपतो. परत कधी निघावं, उतार किती लांब आहे, मध्ये थांबायला जागा कुठे आहे, घरी पोचेपर्यंत चालवणारा माणूस किती तास जागा असेल, याबद्दल एक ओळही नाही. ती का हवी, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सुरुवात कापा, पण ब्रेकचा आणि झोपेचा भाग ठेवा, एवढी विनंती.

मी ६० वर्षांची आहे. ३० वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लग्नाला ३३ वर्षं झाली. गाडी आम्हा दोघांनाही येते, पण घाटात नेहमी हेच चालवतात. तसं कधी बसून ठरवलं नव्हतं, आपोआप पडत गेलं.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघं पाच दिवस डोंगरात होतो. शेवटच्या दिवशी सूर्योदय पाहायचा म्हणून पहाटे चारला उठलो. आदल्या रात्री सामान आवरण्यात बारा वाजले होते, म्हणजे झोप जेमतेम चार तास. सकाळचं फिरणं, सगळ्यांचा निरोप, खोली सोडणं यात दुपारचे अडीच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यांची एक बैठक होती. त्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत घरी पोचायचंच, असं यांनी मनाशी धरलं होतं. मला वळणांचा त्रास होतो, म्हणून निघताना मी गाडी लागू नये यासाठीची गोळी घेतली. या गोळ्यांनी झोप येते हे पाकिटावर लिहिलेलं असतं. मी ते वाचलंही होतं.

घाट सुरू झाला आणि मी झोपले.

जाग आली ती कटकन झालेल्या आवाजाने. वर पाणी पिऊन संपवलेली प्लॅस्टिकची बाटली मी झाकण घट्ट लावून दारातल्या कप्प्यात ठेवली होती. ती दोन्ही बाजूंनी आत चेपली होती. वर्गात हा प्रयोग मी किती वेळा सांगितला असेल. माथ्यावर बाटलीत कोंडलेली हवा विरळ असते, खाली येऊ तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो आणि बाटली चिरडते. आमचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० मीटरवर होता आणि पायथा ७०० मीटरवर. एवढ्या उतारात हवेचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास वाढतो. कानांचे दडे बसतात तेही याच कारणाने. मी आवंढा गिळला, कान मोकळे झाले, आणि त्याच क्षणी वास आला. जळकट, थोडा गोडसर, नाकात चिकटून राहणारा.

मी म्हटलं, "अहो, कसला तरी जळका वास येतोय."

हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल."

पुढे ट्रक होता खरा. मी गप्प बसले.

संपादक महाशय, या पत्रात मला सगळ्यात जास्त काही बोलायचं असेल तर ते या गप्प बसण्याबद्दल. त्यानंतर तीन वळणं गेली. ट्रक एका बाजूला थांबला, आम्ही त्याला मागे टाकून पुढे आलो, तरी वास आमच्या सोबतच होता. मला तो कळत होता. गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे आणि यांचा पाय ब्रेकवरून उचललाच जात नाही, हेही मला दिसत होतं. एकदा सांगून झालंय, पुन्हा बोललं तर चिडतील, घाटात चालवणाऱ्याला त्रास देऊ नये, असं काहीतरी मनात येत राहिलं. चौथ्या वळणाच्या आधी हेच म्हणाले, "ब्रेक मऊ लागतोय." त्यांचा आवाज मी इतका सपाट कधी ऐकला नव्हता.

पुढचं एक मिनिट मला क्षणाक्षणाने आठवतं. यांनी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन मोठ्याने ओरडलं आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी ओढली गेली. पेडल भराभर दाबून सोडून, दाबून सोडून थोडा जोर परत आला. मी दिवे चमकवायचं बटण दाबलं आणि खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबण्याची खूण करत राहिले. डोंगराच्या कडेला दगड टाकून रुंद केलेली एक जागा आली, तिथे गाडी चढवली. थांबलो. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

मघाशी मागे टाकलेला ट्रक थोड्या वेळाने आला आणि आमच्या मागे थांबला. चालक चाळिशीचा असेल. त्याने वास घेतला, चाकांजवळ वाकून पाहिलं. आमच्या हातातली पाण्याची बाटली पाहून म्हणाला, "पाणी टाकू नका हां." चाकातल्या ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वेडीवाकडी होते, कधी तडाही जातो. हँडब्रेकही ओढू दिला नाही. गरम ब्रेक तसाच आवळून ठेवला तर तो चिकटू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवायला लावली आणि चाकांना दगड लावून दिले. निघताना सांगून गेला, "किमान पाऊण तास. आणि दगड रस्त्यात सोडू नका." मोटारसायकलवाल्याला रात्रीच्या अंधारात असा सोडलेला दगड दिसत नाही. आम्ही निघताना ते दोन्ही दगड उचलून कडेला नेऊन ठेवले. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला अजून चुटपुट आहे.

त्या पाऊण तासात मी हिशोब केला. हात थरथरत होते आणि आकड्यांनी मला नेहमीच धीर येतो. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून १,४०० किलो धरू. उतार १,२०० मीटरचा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे १ कोटी ६५ लाख ज्यूल येतात. वर चढताना इंजिनाने इंधन जाळून गाडीत साठवलेली ही ऊर्जा उतरताना कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या अडथळ्यात जाते, थोडी टायरमध्ये. बाकीची एकतर इंजिन घेतं, नाहीतर ब्रेक. एवढ्या उष्णतेत २० अंशांचं सुमारे ५० लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी तळहाताएवढ्या चार जोड्या पॅडवर सोपवायची, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. मी हा धडा मुलांना शिकवला, गुणही दिले. शेजारी बसून मात्र तो ओळखला नाही.

नंतर मेकॅनिकने सांगितलं की आमचं ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेलंच नव्हतं. हे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, आणि पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, ते यासाठीच. मानकाप्रमाणे ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. मऊ ब्रेक तो हाच. दुसराही एक प्रकार असतो. त्यात पेडल कडक लागतं, पण तापलेल्या पॅडची पकडच गेलेली असते. दोन्हींच्या आधी बहुधा तो वास येतो. दर दोन वर्षांनी तेल बदला, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत असतं. आमचीही पुस्तिका गाडीतच होती.

ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे घाटात चालवणारा प्रत्येक जण ऐकून असतो. हेही जाणून होते. तरी चौथा गिअर का, असं मी त्यांना नंतर शांतपणे विचारलं. म्हणाले, दुसऱ्यात गाडी फार हळू जाते, इंजिनाचा आवाज वाढतो, मागचे हॉर्न देतात, आणि उशीर झाला होता. चारही कारणं खरी आहेत आणि चारही मला पटतात, म्हणून तर लिहिते आहे. नियम माहीत असलेला, सावध, कधी दंड न भरलेला माणूस घाईने आणि अपुऱ्या झोपेने असा वागतो. इंजिनाच्या आवाजाची भीती मात्र काढून टाकायला हवी. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना गिअरवर गाडी उतरते, तेव्हा आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये सोडलं तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, आणि धरून ठेवणारं काही उरत नाही. इंजिनच बंद केलं तर ब्रेक दाबायला इंजिनाकडून मिळणारी मदत काही दाबांनंतर संपते आणि स्टिअरिंग जड होतं. हे पेट्रोल वाचवण्याचं वेड अजून लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हरवर एल, २ किंवा अधिक-उणेची खूण असते. ती कशासाठी आहे हे घाटात शिरण्याआधी पाहून ठेवावं. विजेच्या गाड्या उतारावर बॅटरी भरत भरत वेग धरून ठेवतात, ही फार मोठी सोय आहे. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती ऊर्जा साठवायला जागाच नसते. म्हणून माथ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी परतताना ती १०० टक्के भरून निघू नये. असली एखादी ओळ आपल्या पुरवणीत असती तर किती जणांच्या कामी आली असती!

पण गिअर आणि तेल यांहूनही त्या तीन वळणांबद्दलच्या विचाराने मला जास्त छळलं.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन मोठी विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानात मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का. कॅप्टनने ठामपणे सांगितलं की झालं आहे. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. अशा अपघातांच्या अभ्यासानंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा घेतली. तिथून कॉकपिटमधल्या माणसांना एकमेकांशी कसं बोलायचं, कनिष्ठाने शंका कशी लावून धरायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. हे मी पूर्वी वाचलं होतं आणि शाळेत एका भाषणात सांगितलंही होतं. इंजिनिअरच्या जागी मी आहे, हे घाटात माझ्या ध्यानातही आलं नाही.

नवरा-बायकोत हे आणखी अवघड असतं. एका प्रवासात ३३ वर्षांची सगळी भांडणं मागच्या सीटवर बसलेली असतात. "हळू चालवा" म्हटलं की त्याला त्यात जुनी टोचणी ऐकू येते. "पुढे बघ, मी बघतोय" म्हटलं की तिला जुना अपमान आठवतो. मग दोघं गप्प होतात आणि त्या शांततेत गाडी उतरत राहते. चालवणाऱ्याची नजर पुढच्या वळणावर असते, पाय सवयीने चालतो, आणि हळूहळू वाढत जाणारा वास त्याला सवयीचा होतो. शेजारच्याला तो आधी कळतो, विशेषतः झोपेतून उठल्यावर. म्हणून शेजारची सीट कामाची आहे, आणि तिथे बसणाऱ्याने निदान उतार संपेपर्यंत जागं राहावं. गोळी घ्यायचीच असेल तर झोप न आणणारी कोणती, हे डॉक्टरांना आधी विचारावं. वळणांचा त्रास डोळ्यांना आणि आतल्या कानाला वेगवेगळी खबर मिळाल्याने होतो. त्यामुळे फोन खाली ठेवून दूरवरच्या रस्त्याकडे पाहत राहिलं तर तो बराच कमी होतो. परवाच्या प्रवासात मी तेच केलं, गोळीशिवाय निभावलं.

त्या कडेच्या जागेवरच आम्ही एक गोष्ट ठरवली. दोघांपैकी कुणीही "थांबूया" म्हटलं की पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबणार. का, हे थांबल्यावर विचारायचं. कारण खोटं ठरलं तरी कुणी कुणाला बोलायचं नाही.

त्या नियमाचा पहिला उपयोग त्याच संध्याकाळी झाला. राहिलेला उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरून आम्ही पायथ्याशी आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. समोर रुंद, सरळ रस्ता होता. यांनी खांदे सैल सोडले आणि म्हणाले, "चला, सुटलो." मलाही तसंच वाटलं. मग मी तास मोजले. पहाटे चारला उठलेल्या माणसाला रात्री नऊला १७ तास होतात. सलग १७ तास जागं राहिलेल्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्याइतकी घसरते, हे १९९७ साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं होतं. अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे. आमच्या हिशोबाने आम्ही नऊनंतरही अडीच तास रस्त्यावर असणार होतो. घाटात भीतीने माणूस जागा असतो. सरळ रस्त्यावर ती भीती जाते आणि डोळे मिटतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नाही. काच उघडून, गाणी मोठ्याने लावून ही झोप जात नाही. कॉफीचा परिणाम व्हायला २०-३० मिनिटं लागतात, आणि तीही झोपेची जागा घेत नाही. माझ्याही अंगात गोळी होती, त्यामुळे स्टिअरिंग मी घेणं हाही मार्ग नव्हता.

मी म्हटलं, "थांबूया."

हे काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी गाडी बाजूला घेतली. पायथ्याच्या गावात खोली मिळाली. यांनी फोन करून सांगितलं की सकाळी दहाला येणं होणार नाही. बैठक दुपारी चारला झाली. कुणाचं काही अडलं नाही. रात्री मध्येच जाग आली तेव्हा हे अंधारात जागेच होते. म्हणाले, "तू पहिल्यांदा वासाचं बोललीस तेव्हाच मला कळलं होतं गं. थांबावंसं वाटलं नाही एवढंच." हे इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. "लिही," म्हणाले. त्यांना वाटतं, अशाच क्षणी आणखी कुणीतरी थांबेल.

म्हणून विनंती अशी. पुरवणीत डोंगरातल्या जागेबद्दल लिहाल तेव्हा शेजारी परतीची एक छोटी चौकट द्या. माथा किती मीटरवर, पायथा किती मीटरवर, उतार किती किलोमीटरचा, त्यात गाडी कडेला घ्यायच्या जागा कुठे आहेत, पायथ्याशी मुक्कामाची सोय आहे का, एवढं पुरे. आपले प्रतिनिधी तिथे गाडीनेच जातात. उतरताना या नोंदी घेणं त्यांना जड जाणार नाही. जमल्यास अरुंद चढावर समोरासमोर आल्यावर कुणी थांबायचं, हेही एकदा सांगा. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक करारात ते काम उतरणाऱ्याचं मानलं आहे, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणं कठीण जातं. बहुतेक घाटांत लोक हे पाळतात, पण परतीच्या घाईत असलेल्यांना त्याचा हमखास विसर पडतो. आणि सूर्योदयाचं लिहाल तेव्हा एक वाक्य जोडा, की सूर्योदय आणि परतीचा प्रवास एकाच दिवशी ठेवू नये. यासाठी मी आपल्याला पुन्हा पुन्हा लिहीन.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा डोंगरात निघतो आहोत. ब्रेक ऑइल बदललं, पॅड नवे घातले. परतायचं शुक्रवारी, घरी शनिवारचा पूर्ण दिवस मोकळा. सूर्योदय बुधवारी पाहणार. घाट हेच उतरवतील, मी शेजारी जागी असेन, आणि पायथ्याला आलो की स्टिअरिंग माझ्याकडे येईल. चेपलेली ती बाटली मी टाकलेली नाही, दारातल्या त्याच कप्प्यात आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका